कुत्र्याला दुकानातल्या ‘स्वतः धुवा’ टबात कुणी नेलंय का?

पेरूची_फोड

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत प्लेन्सबरोला राहतो, दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या अपार्टमेंटात. घरात बायको, मी आणि चकली. चकली म्हणजे हस्की आणि आणखी कशाकशाची सरमिसळ. शेल्टरमधून आणली, वजन साठ पौंड, शेपटीचं वेटोळं बघून नाव ठेवलं. आजवर तिची अंघोळ घरच्याच टबात व्हायची. म्हणजे मीही टबात, तीही टबात, निम्मं पाणी भिंतींवर, आणि नंतर जाळीतून केस उपसत बसायचं. बिल्डिंगच्या मेंटेनन्सवाल्याने मध्यंतरी तार घालून पाइप मोकळा केला, तेव्हा जो बोळा बाहेर आला तो बघून तो म्हणाला, ‘तुमचं लीज एकाच कुत्र्याचं आहे ना?’

आता आई साताऱ्याहून आली आहे, सहा महिने राहील. चकलीशी तिचं काही वाकडं नाही, पहिली पोळी चकलीलाच जाते. पण ‘ज्या टबात कुत्रं धुता त्यात उभी राहून अंघोळ करून मी देवापुढे बसणार नाही’ हे तिने आल्या आल्या सांगून टाकलं. ब्लीचने घासून देतो म्हटलं, तरी नाही. बाथरूम एकच आहे, तेव्हा विषय संपला.

ग्रूमरकडे चकलीच्या आकाराला नव्वद डॉलरच्या पुढे सांगतात, वर टिप. शिवाय अनोळखी माणसाने पंजा धरला की बाईसाहेब गुरगुरतात. जवळच्या पेट स्टोअरमध्ये मागच्या बाजूला काचेची खोली आहे, तिथे कंबरेइतक्या उंचीचे तीन स्टीलचे टब. अठरा डॉलर द्यायचे. शाम्पू, टॉवेल, एप्रन, ड्रायर सगळं त्यात. कुत्र्याला धुवायचं आपण. आईने लगेच त्याचे रुपये केले आणि म्हणाली, एवढ्यात आमच्या इथल्या पार्लरवालीने मला फेशियल करून वर चहा पाजला असता.

मी काचेतून बघून आलो. एक पूडल ड्रायरखाली लटलट कापत होतं, त्यामुळे जरा धास्ती आहे. सोबत काय न्यावं? त्यांचा शाम्पू वापरावा का? आधीच्या कुत्र्याचं काही लागण्याची भीती? आणि हे एकट्याने जमतं का? बायकोची शनिवारी ड्युटी असते.

सदाशिव_कट्टा

आमच्या पुण्यात आता ग्रूमिंगची व्हॅन दारात येते. मालक गॅलरीत चहा पितो, कुत्रं गाडीत धुतलं जातं. तुमच्या अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पेट्रोल स्वतः भरा, किराणा स्वतः स्कॅन करा, फर्निचर स्वतः जोडा, आणि आता पैसे देऊन कुत्रंही स्वतःच धुवा. प्रगत देश आहे बुवा.

धागा वाचतोय मात्र. आमच्या बॉसला (लॅब्रॅडॉर) व्हॅन बघितली की पलंगाखालून ओढून काढावं लागतं.

कोलंबसची_आत्या

कट्टा, पैसे कशाचे ते सांगते. उंचीचे. घरच्या टबाशी उकिडवं बसून साठ पौंडांचं जनावर धुवून बघ, मग अठरा डॉलर जड वाटणार नाहीत. माझे गुडघे गेलेत आणि आमच्या सुभेदाराचं (जर्मन शेफर्ड, म्हातारा) कंबरडं गेलंय. अशा दुकानात तो टबाला लावलेल्या उतरत्या फळीवरून चालत टबात चढतो, मी दार लावते, आणि दोघं उभ्याउभ्या उरकतो. गरम पाणी संपत नाही, खालच्या मजल्यावर कुणी राहत नाही, केस जाळीत अडकतात ते त्यांचे ते बघतात.

पेरू, एकट्याने जमतं. मी कायम एकटीच जाते. पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव: यात पाणी हा सगळ्यात सोपा भाग आहे. खरी मेहनत पाण्याच्या आधी आणि पाण्यानंतर. लोक नेमकं ते सोडून शाम्पू कोणता यावर तास घालवतात.

आधीचं सांगते. तुझी चकली हस्कीच्या वळणाची, म्हणजे तिला वरचे राठ केस आणि आत दाट लव. ही लव वसंतात आणि पानगळीत पुंजक्यापुंजक्याने सुटते. अंघोळीच्या आदल्या दिवशी घराबाहेर बसून ती उपसून काढ. लांब दातांचा रेक मिळतो, तो वापर, साध्या ब्रशने फक्त वरवरचं निघतं. कानामागे आणि मांड्यांना मागून हात फिरवून गाठी बघ. गाठ कोरडी असताना सुटते. भिजली की आवळते आणि मग कात्रीशिवाय गत नाही. लव निघालेली असली की पाणी कातडीपर्यंत पोचतं आणि वाळायला निम्मा वेळ लागतो. हे काम दुकानात करू नकोस. खोलीभर केस उडतात आणि मागे रांगेत उभी असलेली बाई तुझ्याकडे बघत राहते.

पहिल्या खेपेला धुवूच नकोस. खरंच सांगते. मधल्या वारी सकाळी, दुकान उघडतानाच जा. शनिवार-रविवारी, त्यातही पाऊस पडून गेल्यावर, तिथे जत्रा असते. काउंटरवरच्या पोरांना विचार, ‘जरा टब दाखवू का हिला?’ कुणी नाही म्हणत नाही. उतरत्या फळीवर चढव, खाऊ दे, उतरव. शेजारच्या टबात कुणी ड्रायर लावला असेल तर तो लांबूनच ऐकू दे आणि परत खाऊ दे. मग घरी. तू बघितलंस ते पूडल बहुतेक थेट पाण्याखाली उभं केलेलं असणार.

धुवायच्या दिवशी आधी मैलभर चालवून आण, सगळे विधी बाहेर उरकू देत. टबात तिला चढवण्याआधी टब तू स्वतः धू. तिथे जंतुनाशकाची फवारणी असते, ती मार, बाटलीवर लिहिलेला वेळ राहू दे, आणि मग भरपूर पाण्याने काढून टाक. हे शेवटचं फार जण विसरतात, मग पंजे चुरचुरतात आणि कुत्रं ते चाटत बसतं. टबात कडी असते, तिला दोरी अडकवायची. साधा रुंद नायलॉनचा गळपट्टा घाल. आवळणारी साखळी नको, चामड्याचा नको (रंग जातो). आणि कडीला बांधलेलं कुत्रं सोडून टॉवेल आणायलासुद्धा जायचं नाही. घाबरून टबाबाहेर उडी मारली तर गळ्याला फास बसतो. टॉवेल, शाम्पू, खाऊ सगळं आधी हाताशी मांडून ठेव.

खाऊची युक्ती: पीनट बटर टबाच्या आतल्या भिंतीला फास. ती चाटत बसेल, तू तुझं काम कर. पण डब्यावरचं बारीक अक्षर वाच. काहींत साखरेऐवजी झायलिटॉल घालतात, ते कुत्र्यांना विष आहे. हल्ली लेबलवर ‘बर्च शुगर’ असंही लिहितात, ते तेच.

पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागलं पाहिजे, बस्स. मागच्या पायांपासून सुरू कर, पाठ, मग मान. फवारा लांबून मारू नकोस, तोटी अंगाला टेकवूनच केसांत फिरव. आवाज कमी होतो, पाणी आत जातं. डोक्यावर फवारा नाहीच, तोंड ओल्या फडक्याने शेवटी. साबण लावायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ तो काढायला दे. काखेत, पोटाखाली, जांघेत, शेपटीच्या मुळाशी हमखास राहतो. तिथे राहिलेला साबण म्हणजे पुढचा आठवडाभर खाजवणं.

आता नंतरचं. टबातच हाताने केस पिळून पाणी काढ, मग टॉवेल. टॉवेल घरचेच मोठे दोन घेऊन जा, त्यांचा हात पुसायच्या मापाचा असतो. मग ड्रायर. हा आपल्या घरातल्यासारखा गरम हवेचा नसतो, नुसता वारा जोरात फेकून पाणी उडवतो, म्हणून आवाज मोठा. सगळ्यात कमी वेगावर, ड्रायरचं तोंड भिंतीकडे करून सुरू कर, मग मागच्या मांडीपासून हळूहळू पुढे ये. कान, डोळे, तोंड यांच्यावर कधीच नाही. कानांवरून डोक्याला एक घट्ट लवचिक पट्टा चढवता येतो, जुन्या मोज्याचा वरचा भाग कापलास तरी चालतो. केस फुंकरले जाऊन खाली गुलाबी कातडी दिसते ना, ती कोरडी दिसेपर्यंत चालू ठेव. वरून कोरडं आणि आत ओलं राहिलं तर लवेत दमट कोंडतं आणि ओला चट्टा उठतो, एका रात्रीत तळहाताएवढा. हस्की, शेफर्ड, गोल्डन, सगळ्यांचं हेच.

दुकानांबद्दल: माझ्या माहितीत पेट सप्लाइज प्लस आणि ट्रॅक्टर सप्लायच्या बऱ्याच शाखांत असे टब आहेत, कॅलिफोर्नियात बे एरियात पेट फूड एक्सप्रेसकडे. काही कार वॉशपाशी नाणी टाकायच्या केबिनी असतात, तिथे मिनिटांवर पैसे. दाट केसांच्या कुत्र्याला तिथे नेऊ नकोस. घड्याळ पळतं, आपण घाई करतो, आणि धुणं निम्मं राहतं. तुझा अठरा डॉलरचा सौदा चांगला आहे.

आईंना माझा नमस्कार सांग. त्यांचं बरोबर आहे.

परळचा_पदवीधर

आत्यांनी इतकं नीट लिहिलंय की मी दोन-चार वैद्यकीय गोष्टींचीच भर घालतो. (मी पशुवैद्य. शिक्षण परळच्या कॉलेजात, प्रॅक्टिस नाशकात.)

शाम्पू माणसांचा नको. आपल्या त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप) साडेपाचच्या आसपास असतो, कुत्र्याचा सातच्या जवळपास. बेबी शाम्पूसुद्धा रोजच्यासाठी नको. दुकानातला कुत्र्यांचा शाम्पू चालतो, पण तो कसा ठेवलाय ते बघा. कंपनीच्या बंद बाटलीतून किंवा यंत्रातून येत असेल तर ठीक. पाणी घालून पातळ केलेली, दिवसचे दिवस तशीच पडलेली सामाईक बाटली असेल तर हात लावू नका. अशा पाण्यात स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढतात. शाम्पू केसांच्या उलट दिशेने जोरात घासला की ते केसांच्या मुळांत शिरतात. अंघोळीनंतर एक-दोन दिवसांत कुत्र्याची पाठ इतकी दुखते की हात लावू देत नाही, ताप येतो, मलूल पडतं. मालकाला वाटतं मणक्याचं काही आहे, कारण पुळ्या केसांखाली दिसत नाहीत. हे क्वचित होतं, पण झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरकडे जा आणि ‘परवाच अंघोळ घातली होती’ हे आवर्जून सांगा. तेवढ्या एका वाक्याने निदान सोपं होतं. शाम्पू घरचा न्या, तिथेच मगमध्ये लागेल तेवढा पातळ करा, उरलेला ओतून द्या, आणि केसांच्या दिशेनेच चोळा.

गोचीड-पिसवांसाठी मानेवर थेंब घालत असाल तर अंघोळ आणि थेंब यांत दोन्ही बाजूंनी किमान दोन दिवसांचं अंतर ठेवा. ते औषध त्वचेच्या तेलातून पसरतं, शाम्पूने तेल गेलं की औषधही गेलं. तोंडातून देण्याच्या गोळीला ही अट नाही. न्यू जर्सीत लाइम रोग पसरवणारे गोचीड भरपूर आहेत, तेव्हा हा हिशेब चुकवू नका. अंघोळीने गोचीड बुडून मरतात हा गैरसमज आहे. हात फिरवून शोधूनच काढावे लागतात, आणि ओल्या अंगावर ते बरे सापडतात.

लागण: रेबीज, डिस्टेंपर, पार्वो आणि केनेल कफची लस झालेली असेल तर काळजीचं फारसं कारण नाही. साधारण सोळा आठवड्यांच्या आतलं, लसी पूर्ण न झालेलं पिल्लू मात्र अशा टबात अजिबात नको. पार्वोचा विषाणू चिवट असतो, साध्या फवारणीला दाद देत नाही. आपल्या कुत्र्याला बुरशीचे चट्टे किंवा जुलाब असतील तर दुसऱ्यांवर दया करून घरीच थांबा.

डॉक्टरने औषधी शाम्पू दिला असेल तर तो फेस होऊन दहा मिनिटं अंगावर राहायला हवा. दहा मिनिटं म्हणजे घड्याळाची, अंदाजाची नाही.

तळ्यात_मळ्यात

कनेक्टिकटहून एक पुरवणी. स्कंकने (घाण वासाचा फवारा मारणारा इथला छोटा रानटी प्राणी) फवारा मारला म्हणून कुत्र्याला उचलून तिकडे नेऊ नका. आमच्या इथल्या दुकानात दारावरच पाटी आहे: स्कंकवाले कुत्रे नकोत. पाटी योग्यच आहे, वास आठवडाभर खोलीतून जात नाही.

घरी, अंगणात, हे करा: ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक क्वार्ट (साधारण ९५० मिली), बेकिंग सोडा पाव कप, भांड्यांचा साबण एक चमचा. ताजं कालवा, कोरड्या केसांवरच चोळा, पाच मिनिटं ठेवा, धुवा. डोळ्यांत जाऊ देऊ नका. इलिनॉयमधल्या पॉल क्रेबॉम या रसायनतज्ज्ञाची ही १९९३ सालची कृती आहे. वास येतो तो गंधकाच्या थायॉल संयुगांचा, पेरॉक्साइड त्यांचं रूपच पालटून टाकतं. टोमॅटोचा रस नुसता वर दुसरा वास चढवतो. आधी पाणी मारू नका. फवाऱ्यात असेही घटक असतात की पाणी लागलं की त्यांचे हळूहळू थायॉल होतात, म्हणून महिन्याभराने कुत्रं पावसात भिजलं की वास परत येतो. आणि उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका, आतल्या वायूने बाटली फुटते. काळ्या कुत्र्याचे केस किंचित तांबूस होऊ शकतात, तेवढं चालवून घ्यायचं.

पेरूची_फोड

आत्या, डॉक्टरसाहेब, सगळ्यांचे आभार. मधल्या वारी सुट्टी काढून आधी नुसतं दाखवून आणलं, मग पुढच्या आठवड्यात धुतलं.

आदल्या दिवशी पार्किंगमागच्या गवतावर लव उपसली. किराण्याची एक अख्खी पिशवी भरली. टबात चढताना अडून बसली होती, पण पीनट बटर दिसल्यावर स्वतःहून गेली आणि धुणं संपेपर्यंत भिंत चाटत होती. तोटी अंगाला टेकवायची युक्ती सगळ्यात कामाची. घरी शॉवर सुरू झाला की ती दाराकडे धावायची, इथे पाणी कधी सुरू झालं तेच तिला कळलं नसावं.

ड्रायर मागच्या अर्ध्या भागापर्यंत चालवून घेतला. खांद्याशी आलो तशी गुरगुरली, मग बंद केला. पुढचा भाग टॉवेलने पुसला आणि घरी टेबलफॅनपुढे बसवून रेकने विंचरत वाळवला, आईने चकलीला शेंगदाणे भरवत. (मिठाचे नव्हते, डॉक्टरसाहेब, मी बघितलं.) टब आता अधिकृतपणे आईचा.

दोन शंका आहेत. पुढच्या वेळी खांद्यांपर्यंत कसं जायचं? आणि तिथल्या मुलाला टिप द्यायची का? त्याने फक्त पाणी सुरू करून दिलं.

कोलंबसची_आत्या

गुरगुरल्यावर थांबलास ते फार चांगलं केलंस. तिला कळलं की सांगितलेलं ऐकतात. आता रोज घरी व्हॅक्युम क्लीनर दुसऱ्या खोलीत चालू कर आणि या खोलीत तिला जेवण दे. हळूहळू दार उघडं, मग व्हॅक्युम जवळ. महिनाभराने दुकानात ड्रायर परत मांडीपासून, आणि दर खेपेला वीतभर पुढे. खांदे नाही झाले तर नाही झाले, पंख्याने वाळतात, फक्त वेळ लागतो.

टिप नाही. पण निघताना जाळीतले केस काढून टाक आणि टबावर फवारणी मारून ये. ती पोरं लक्षात ठेवतात. पुढच्या वेळी टब रिकामा नसला तर तुला आधी हाक मारतात.

दर आठवड्याला नेऊ नकोस हं. या केसांना दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे, मधे विंचरणं आणि पाय धुणं.

शेंगोळे

धागा वाचून उत्साह आलाय. आमचा बोका गच्चीवरून धुळीने माखून येतो. त्याला अशा ठिकाणी नेता येईल का? दुकानाच्या पाटीवर ‘पेट्स’ लिहिलंय, कुत्रे असं नाही.

कोलंबसची_आत्या

नेता येईल. परत आणता येईल का ते सांगत नाही.

परळचा_पदवीधर

नको. शेजारी कुत्रे, वर ड्रायरचा आवाज, बोका टबातून तुमच्या खांद्यावर आणि तिथून मांडणीवर जाईल. शिवाय कुत्र्यांच्या पिसवांवरच्या काही उत्पादनांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजरांना जीवघेणं ठरतं, आणि त्या टबात आधी काय सांडलंय हे आपल्याला ठाऊक नसतं. धुळीने माखलेल्या बोक्याला ओल्या कोमट फडक्याने पुसा, बाकी तो चाटून काढेल. ऑइल पेंट किंवा इंजिनचं ऑइल लागलं असेल तर मात्र चाटू देऊ नका, गळ्यात चाटू न देणारी शंकूसारखी कॉलर घालून सरळ डॉक्टरकडे.